बाबा फोनवर येत नाहीत म्हणून

तीर्थरूप आई-बाबांना सलाम,

गेले तीन सोमवार मी फोन केला की आई म्हणते, "बाबा रंकाळ्यावर फिरायला गेलेत." दुपारी चार वाजता, भर उन्हात, गुडघ्याला पट्टा बांधून! आणि मागून खोकला ऐकू येतो तो काय शेजाऱ्यांचा? म्हणून हे कागदावरचं पत्र. फोन तुम्ही टाळाल, पण आलेला कागद वाचल्याशिवाय ठेवणार नाही. विजेचं बिलसुद्धा दोन्ही बाजूंनी वाचणारा माणूस तुम्ही.

आधी खुशाली. तब्येत बरी आहे. चर्चच्या धर्मप्रचाराच्या मिशनवर आले त्या बेंगळुरूची हवा मानवली. सकाळी साडेसहाला उठायचं, रात्री साडेदहाला दिवा बंद. कॉलेजात असताना आई मला आठला उठवून दमायची, ते आठवून माझं मलाच हसू येतं. मिशनवरची जोडीदारीण तेलुगू आहे. नियमच असा की दोघींनी कायम एकमेकींच्या नजरेच्या टप्प्यात राहायचं, एकटीने कुठे जायचं नाही. त्यामुळे आई, "पोरगी एकटी फिरते" ही तुझी काळजी बिनबुडाची. उलट कधीकधी वाटतं, देवा, पंधरा मिनिटं तरी एकटं सोड. पहिल्या महिन्यात आम्ही दोघी भातावरून भांडलो. तिला मऊ लागतो, मला मोकळा. आता एक दिवस तिचा, एक दिवस माझा.

चहाचं मात्र अजून जमलेलं नाही. म्हणजे सोडला आहे, आमच्या चर्चमध्ये चहा-कॉफी दोन्ही वर्ज्य, पण नाही म्हणायला जमत नाही. कोल्हापूरच्या माणसाला "चहा नको" म्हणणं म्हणजे "तुमच्या घराचं पाणी नको" म्हणण्यासारखं. इथे एक मावशी आहेत, मूळच्या गडहिंग्लजकडच्या, नवरा वारला, मुलगा परदेशात. पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी आधणच ठेवलेलं. मी नको म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा पडला की विचारू नका. "का गं, आमचा चालत न्हाई?" मग मीच म्हटलं, मावशी, गूळ आहे का? डबा उघडून त्यांनी बोटभर खडा पुढे केला, वर तांब्याभर पाणी. आपल्याकडचाच गूळ, पिवळा, जरा खारट झाक असलेला. तो खाऊन आम्ही तिघी जमिनीवर बसून मेथी निवडली. धर्माचा एक शब्द निघाला नाही. निघताना त्यांनीच विचारलं, "पुढल्या बेस्तरवारी येताय न्हवं?" तुम्हाला वाटतं आम्ही दिवसभर लोकांना पाण्यात बुडवत फिरतो. बरेचसे दिवस असेच जातात, बाबा.

(आणि हो, तांबडा-पांढरा चालतो. मटणाला बंदी नाही. आई, तू उगाच घाबरली होतीस.)

आता मुद्द्यावर येते. तुमचा आक्षेप मला पाठ आहे. चार पिढ्या कोल्हापूरच्या वायल्डर मेमोरियल चर्चच्या बाकावर बसल्या आणि ही पोरगी नोकरीसाठी हैदराबादला काय गेली, मॉर्मन होऊन आली. लोक मॉर्मन म्हणतात, आम्ही लॅटर-डे सेंट्स म्हणतो, पण शब्दाने तुमचा राग कमी होणार नाही हे मला कळतं. बायबलाच्या जोडीला आमच्याकडे आणखी एक ग्रंथ आहे, त्रैक्याबद्दल, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्याबद्दल, आम्ही वेगळं मानतो, आमच्या चर्चवर क्रूस नसतो. हे फरक मी लपवत नाही आणि पत्रात सोडवायलाही बसत नाही. पाळकसाहेबांनी तुम्हाला सांगितलं की हा ख्रिस्ती धर्मच नव्हे. त्यांनी ते मला समोर सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं. मी येशूचं नाव घेऊन सकाळी उठते, तेवढं तुम्ही स्वतः मला विचारा.

पण मला वाटतं तुमचं खरं दुखणं ग्रंथाचं नाहीच. सव्वीस वर्षांची मुलगी, घरातलं शेंडेफळ, चांगला पगार सोडून अठरा महिने बिनपगारी, वर स्वतःच्या साठवलेल्या पैशातून खर्चाला हातभार लावत परक्या गावात दारं वाजवते. आत्या म्हणाली ते मला दादाकडून कळलं: "लग्नाच्या वयात हे कसलं खूळ?" मुलगा गेला असता तर आत्याने पेढे वाटले असते. मुलं चोवीस महिने जातात, आम्ही अठरा. आईने विचारलं होतं, सहा महिने कमी का? त्याचं कारण मलाही कुणी नीट सांगू शकलेलं नाही. आमच्या चर्चने मुलींना पाठवायला सुरुवात केली ती 1898 मध्ये. आयनेझ नाइट आणि जेनी ब्रिमहॉल अशा दोन अविवाहित मुली इंग्लंडला गेल्या. पुढे मुलींची वयाची अट होती 21. ती 2012 मध्ये 19 झाली, आणि 2025 च्या नोव्हेंबरमध्ये 18, म्हणजे मुलांच्या बरोबरीची. सव्वाशे वर्षं लागली. मी अठराची असताना तुम्ही मला एकटीला पुण्याच्या गाडीत बसवायला तयार नव्हता, तेव्हा चर्चला तरी काय बोलायचं!

सगळंच गोड आहे असं समजू नका. एका ताईला आम्ही दोघींनी पाच महिने शिकवलं. तिच्या पोराच्या तापात रात्री बसलो. बाप्तिस्म्याचा दिवस आला आणि तो दिला एकोणीस वर्षांच्या एका एल्डरने, म्हणजे आमच्यातल्या मुलगा मिशनरीने, जो तिला एकदाच भेटला होता. पौरोहित्य पुरुषांकडे, हा नियम. मी टॉवेल धरून काठावर उभी होते. ती पाण्यातून वर आली ती माझ्याकडे बघत आली, हे खरं, पण त्या रात्री मी जेवले नाही. जोडीदारीण म्हणाली, मनाला लावून घेऊ नकोस. मी लावून घेतलं. अजून आहे.

त्या रात्री मला पणजी आठवली. आईच्या कपाटातला तो मिशन बंगल्याच्या पायऱ्यांवरचा फोटो. परदेशी मिशनरी मिससाहेब खुर्चीवर, आपली पणजी खाली पायरीवर, मांडीवर कापडी पिशवी. बायबलबाई म्हणून कोडोलीकडच्या खेड्यांत ती पायी फिरायची. वर्षानुवर्षं बायकांना वाचायला शिकवलं, शुभवर्तमान सांगितलं, आणि पाणी शिंपडायची वेळ आली की पाळकाला बोलावणं जायचं. आजी हे हसत सांगायची. आता वाटतं, पणजी हसत नसेल.

बाबा, तुम्ही मला लहानपणी अमेरिकन मिशनरी वायल्डरसाहेबांची गोष्ट सांगायचा: 1852 मध्ये कोल्हापुरात आले, गावाने आधी हाकलायला बघितलं, ते हटले नाहीत. पण त्यांची मुलगी ग्रेस कोल्हापुरात जन्मली, अमेरिकेत शिकली आणि लग्न न करता परत इथेच कामाला आली, हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत. मला ते मोठेपणी वाचून कळलं. आई ज्या शाळेत शिकली तिच्यावर नाव आहे एस्तर पॅटनचं. तीही अशीच घरदार सोडून आलेली मिससाहेब. त्यांच्या आई-बाबांनीही बोटीच्या धक्क्यावर तोंड फिरवलं असेल का? परक्यांच्या मुली आपल्या गावात आल्या म्हणून आपल्या घरात अक्षरं आली. आपली मुलगी दुसऱ्याच्या गावात गेली की मात्र ते खूळ.

एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नसेल. आमच्या छातीवर काळी पट्टी असते. तिच्यावर चर्चचं नाव आणि वर 'सिस्टर' लिहून फक्त आडनाव. पाळण्यातलं नाव नाही. वर्षभरात मला माझ्या नावाने कुणी हाक मारलेली नाही, दिवसातून पन्नास वेळा आपल्या आडनावाने मारतात. तेलुगू, तमिळ, कन्नड जिभांवर त्याचे काय हाल होतात ते ऐकाल तर राग विसरून हसाल. परवा वॉशिंग पावडरमध्ये पट्टी भिजली, अक्षरांतला पांढरा रंग थोडा गेला. मी टूथपेस्ट भरून नीट केली.

आई, बीपीची गोळी रात्रीची सकाळी घेऊ नकोस. कांदा-लसूण चटणी पाठवलीस तर दादाच्या मित्राकडे दे, तो पुढल्या महिन्यात इकडे येतोय. झाकणाला चिकटपट्टी लाव, मागच्या वेळी सगळ्या कपड्यांना वास लागला आणि एल्डर लोकांनी अख्खा डबा संपवला.

सोमवारी चार वाजता फोन करते. बाबा, बोलायचं नसेल तर बोलू नका. पण रंकाळ्यावर जाऊ नका, ऊन फार आहे. तिथेच खुर्चीवर बसा. खोकलात तर मला कळेल.

तुमची,
शेंडेफळ