आधी कॉक बंद कर

मिरज, गुरुवार

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

बाथरूमचा नळ रात्रभर ठिबकतो, झोप लागत नाही आणि प्लंबर तीन दिवस "येतो, येतो" म्हणतोय, असं काल फोनवर म्हणालास. तो नळ तूच दुरुस्त कर. कागद समोर ठेवून करता यावं म्हणून सविस्तर लिहिते.

पान्हा हातात घ्यायच्या आधी पाणी कुठून बंद होतं ते शोध. बेसिनखाली अँगल कॉक असतो, बाथरूमचा कॉक भिंतीत किंवा बाहेर डक्टमध्ये. नाहीच सापडला तर गच्चीवरच्या टाकीचा. बंद केल्यावर नळ पूर्ण सोडून बघ, धार पार आटली पाहिजे. तू दोन वर्षांचा होतास, बाबा फिरतीवर होते, तेव्हा मी कॉक बंद न करताच नळ खोलला. वरचा भाग हातात आला आणि पाणी पार छताला लागलं. तुला कडेवर घेऊन गच्चीवर धावले, तर टाकीचा कॉक गंजून घट्ट बसलेला. खालचे काका पक्कड घेऊन आले, तोवर गाद्या भिजल्या, ज्वारीचं पोतं भिजलं. ती ज्वारी मी चार दिवस उन्हात घालत होते. तेव्हापासून दोन-तीन महिन्यांनी घरातले सगळे कॉक एकदा बंद-चालू करते, म्हणजे ऐन वेळी अडकत नाहीत.

आता नळाकडे बघ. बंद करायला तीन-चार फेरे लागत असतील तर आत रबराचा वायसर असतो. तो झिजला की त्यावर गोल खाच पडते. मग जोर लावून आवळलं तर खाच आणखी खोल जाते आणि ठिबकणं वाढतं. नवा वायसर घातला की काम झालं. नळ अर्ध्या फेऱ्यातच बंद होत असेल तर आख्खा स्पिंडल, म्हणजे मुठीखालचा आतला भाग, बदलावा लागतो. त्यात सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर सरकतात. तुमच्याकडे टँकरचं पाणी, त्यातला वाळूचा कण मध्ये अडकला तरी चकतीवर ओरखडा उठतो. जुना स्पिंडल काढून दुकानात घेऊन जा. दिसायला सारखे असले तरी आटे आणि वरचे दाते वेगळे निघतात. नुसतं "अर्धा इंची द्या" म्हणून आणलास तर दुसरी फेरी पडेल. आणि खोलण्याआधी मोरीच्या जाळीवर फडकं टाक, बारका स्क्रू एकदा खाली गेला की गेला.

पंखा हळू फिरतोय तो बहुतेक कपॅसिटरमुळे, म्हणजे पंख्याच्या वायरींना जोडलेल्या छोट्या डबीमुळे. जुन्यावरचा आकडा बघून तोच आण, छताच्या पंख्याला बऱ्याचदा 2.5 मायक्रोफॅरडचा असतो. पण नुसतं बटण बंद करून हात घालायचा नाही. जुन्या वायरिंगमध्ये बटण कधी कधी न्यूट्रलवर जोडलेलं असतं. पंखा थांबतो, पण वायरमध्ये 230 व्होल्ट तसेच राहतात. एमसीबी, म्हणजे मेन बोर्डावरचा खटका, पाड. त्याआधी चालू सॉकेटला टेस्टर लावून तो पेटतो ना बघ, मग एमसीबी पाडल्यावर पंख्याच्या वायरला लाव, तिथे पेटता कामा नये. गीझरच्या पाण्यात झिणझिण्या आल्या तर मात्र काहीही खोलू नकोस. एमसीबी पाडायचा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवायचं. तिथे पैसे वाचवू नकोस, राजा.

पार्सलमध्ये पान्हा, पक्कड आणि टेस्टर माझ्या जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलेत. मेतकुटाचा डबा वेगळा बांधलाय. पान्हा वापरून झाला की पुसून, तेलाचा हात फिरवून ठेव.

नळ झाला की फोन कर, कितीही वाजले तरी.

तुझी,
आई

ता. क. दार घासतंय म्हणून घरमालक रंधा मारायला सुतार पाठवणार असतील तर आत्ता नको म्हण. पावसाने लाकूड फुगलंय, दिवाळीनंतर ते आक्रसेल आणि मग फट राहील. तोवर घासणाऱ्या कडेला मेणबत्ती चोळ.