गोलकीपर पडले, संघ पडला नाही

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पानावर अगदी तळाला चार ओळींची एक बातमी होती. अमेरिकेतल्या बर्फावरच्या हॉकीत लास वेगासच्या नव्याकोऱ्या संघाने पहिल्या नऊपैकी आठ सामने जिंकले, इतरांनी सोडून दिलेल्या खेळाडूंनी नशिबाच्या जोरावर चमत्कार केला, आणि आता ओळीने तीन सामने हरल्यामुळे फुगा फुटला, असा तिचा मतलब. आमच्याकडे तुमची डाक आवृत्ती येते. रात्री उशिराचा मजकूर तिच्यात नसतोच, तेव्हा एवढं तरी छापून आलं याचं कौतुक वाटलं. पण बातमीतलं नशीब पटलं नाही आणि फुगाही पटला नाही.

दारव्हा तालुक्यातल्या मास्तरीणबाईला बर्फाचं काय कळतं, असं तुमच्या टेबलावरचं कोणीतरी म्हणेलच. मी हायस्कुलात गणित शिकवते. कॉलेजात असताना अमरावतीला हॉकी खेळले, तीही गोलकीपर म्हणून. तेव्हाचे पॅड म्हणजे कामट्यांवर कॅनव्हास चढवलेला आणि आत कापूस ठासलेला. पाऊस आला की ते असे भिजत, की पाय उचलताना मांडीत गोळा येई. वास तर विचारूच नका. संघात गोलकीपर दोघी होतो, त्यातली दुसरी मी. म्हणजे बहुतेक सामने मी पॅड बांधून मैदानाबाहेर बसून पाहिले. हॉकी कळायला ती जागा वाईट नाही.

माझा भाचा डलासला कॉम्प्युटर कंपनीत आहे. ६ ऑक्टोबरला ऑफिसच्या लोकांबरोबर तो वेगासचा पहिलावहिला सामना पाहायला गेला आणि आमच्या शनिवारच्या सकाळी त्याचे व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन पडले. तेव्हापासून चटक लागली. जिओचं नेटवर्क आमच्याकडे गच्चीवरच धड मिळतं, म्हणून मी गच्चीवर. वेचणीला बाया लावून जाऊबाई वर आल्या, मोबाइलात डोकावल्या आणि म्हणाल्या, “हे काय पाहून राहिली वं तू? घसरून नाही पडत का हे पोट्टे?” पडतात ना, म्हटलं. पण उठतातही लवकर.

तो पहिला सामना वेगासने २-१ ने जिंकला. दोन्ही गोल जेम्स नीलचे. व्हिडिओत तेच पुन्हा पुन्हा दाखवतात. मी मात्र दुसऱ्या टोकाला पाहत होते. तिथे मार्क-आंद्रे फ्लरी नावाच्या गोलकीपरने ४५ फटके अडवले. बर्फावरच्या हॉकीचा गोल सहा फूट रुंद आणि चार फूट उंच, आपल्या हॉकीचा बारा फूट रुंद आणि सात फूट उंच. लहान गोल म्हणजे सोपं काम, असं वाटेल. पण समोरच्या संघाची दोन दांडगी माणसं मुद्दाम त्याच्या तोंडापुढे उभी राहतात. तिथे चेंडूऐवजी चकती असते. ती निघाली कुठून हे त्याला दिसत नाही, दिसते ती थेट पायाशी आल्यावर. म्हणून तो गुडघे जोडून खाली बसतो आणि दोन्ही पायांचे पॅड बाजूंना पसरून बर्फालगतची सगळी वाट बंद करतो. एवढं बसून पुन्हा उठायचं, आणि दोन सेकंदांत परत बसायचं. माझे गुडघे नुसतं पाहूनच बोलले.

आता या फ्लरीला सोडून दिलेला म्हणायचं तर म्हणा. पिट्सबर्गच्या ज्या संघाने त्याला सोडलं, त्याने फ्लरी असतानाच २००९, २०१६ आणि २०१७ असा तीनदा स्टॅनले कप, म्हणजे या लीगचं अजिंक्यपद, जिंकला आहे. शेवटचा तर याच वर्षी जूनमध्ये. त्यांच्याकडे मॅट मरे हा तरुण गोलकीपर तयार झाला होता आणि नियमाने राखता येत होता एकच. फ्लरी वाईट झाला नव्हता. जागा एक होती आणि माणसं दोन.

तो नियम तुमच्या बातमीत यायला हवा होता. लीगमध्ये ३० संघ होते, वेगास ३१ वा. जुन्या प्रत्येक संघाने आपले सात आघाडीचे, तीन बचावाचे आणि एक गोलकीपर असे राखायचे. किंवा मग कुठलेही आठ आणि एक गोलकीपर. उरलेल्यांतून वेगासने प्रत्येक संघातला एकेक उचलायचा. म्हणजे मिळाले ते चांगल्या संघांतले नववे, दहावे, बारावे. शून्य कोणीच नव्हता. आणि हे फुकट नाही बरं. लीगमध्ये शिरण्यासाठी मालकाने ५० कोटी डॉलर मोजले, आपले ३,२०० कोटींच्या आसपास. २००० साली आलेल्या दोन संघांनी आठ-आठ कोटी डॉलर दिले होते. एवढा पैसा घेतल्यावर लीगनेही नियम सैल ठेवले. त्यामुळे ही गरिबाच्या पोराची गोष्ट आहे असं समजून कोणी डोळे पुसू नयेत.

नशीब म्हणायचंच तर ते दुसऱ्यांच्या शहाणपणात होतं. फ्लोरिडाच्या संघाने जोनाथन मार्शेसो राखला नाही. त्याने मागच्या मोसमात ३० गोल केले होते. वर रायली स्मिथलाही वेगासला देऊन टाकलं. याच फ्लोरिडाने वर्षभरापूर्वी जेरार्ड गॅलंट या प्रशिक्षकाला परगावी सामना हरल्यावर तिथल्या तिथे काढलं होतं, आणि मैदानाबाहेर टॅक्सीत आपलं सामान भरतानाचा त्याचा फोटो जगभर गेला. वेगासने नेमला तोच गॅलंट. कोलंबसच्या संघाची तऱ्हा आणखी पुढची. आपले दुसरे खेळाडू उचलू नका म्हणून त्यांनी विल्यम कार्लसनला दिलंच, वर नव्या मुलांच्या निवडीतला आपल्या पहिल्या फेरीचा हक्कही दिला. नकोशी पोरगी हुंडा देऊन उजवावी तसं. कार्लसनने मागच्या मोसमात सहाच गोल केले होते, हे खरं. पण किती वेळ खेळू दिलं तेव्हा सहा, हे गणिताच्या बाईने विचारायचं नाही तर कोणी?

नवे संघ पूर्वीही आले. वॉशिंग्टनचा संघ १९७४-७५ मध्ये आला, तेव्हा पूर्ण मोसमात ८० पैकी आठ सामने जिंकला. वेगासने आठ जिंकले ते तीन आठवड्यांत. पहिल्या नऊपैकी आठ जिंकणारा दुसरा नवा संघ या लीगच्या इतिहासात नाही.

यानंतरचा भाग तुमच्या बातमीत अजिबात नाही, आणि मला तोच सर्वांत मोठा वाटतो. १३ ऑक्टोबरला डेट्रॉइटविरुद्ध फ्लरीच्या डोक्याला मार लागला आणि तो बाहेर गेला. त्याच्या जागी माल्कम सुबान आला. बोस्टनने त्याला मोकळं केलं आणि वेगासने घेतलं, ते आपल्या पहिल्या सामन्याच्या तीन दिवस आधी. सहकाऱ्यांची नावं तरी पाठ झाली असतील की नाही कोण जाणे. पहिला सामना जिंकला तो त्याच बोस्टनविरुद्ध. नरक चतुर्दशीच्या सकाळी इकडे पोरं अभ्यंगस्नान करून फटाके फोडत होती, तिकडे सुबानच्या संघाने जादा वेळेत बफेलोला ५-४ ने हरवलं. दिवाळी सरते तोच सेंट लुईसविरुद्ध सुबान जायबंदी. मग ऑस्कर डान्स्क, स्वीडनचा, या लीगमध्ये आधी एकही सामना न खेळलेला. त्याने तो सामना निभावला, मग शिकागोला हरवलं आणि कोलोरॅडोविरुद्ध एकही गोल होऊ दिला नाही, ७-०. ३० तारखेला न्यूयॉर्कमध्ये तोही जायबंदी झाला. आता मॅक्सिम लगासे उभा आहे, आणि त्याच्या मागे बाकावर तातडीने बोलावलेला १९ वर्षांचा पोरगा.

चौथा गोलकीपर उभा करून परगावच्या मैदानांवर ओळीने तीन सामने हरले, याला फुगा फुटला म्हणत नाहीत. मी गोलात उभी राहिले आहे म्हणून सांगते. नव्या गोलकीपरला मागून ओरडायचं कधी आणि गप्प राहायचं कधी हेच आधी उमगत नाही. बचावातल्या मुली त्याच्या आवाजावर खेळतात. इथे आवाज तीन आठवड्यांत तीनदा बदलला आणि तरी समोरचे पाच जण विस्कटले नाहीत. याचं श्रेय गॅलंटच्या पद्धतीला आहे. बर्फावर एका वेळी गोलकीपर धरून सहा जण असतात आणि साधारण पाऊण मिनिटाला तुकडी बदलते. खेळ चालू असतानाच कठड्यावरून उड्या मारून नवे आत, जुने बाहेर. काही प्रशिक्षक पहिल्या दोन तुकड्यांनाच दामटतात. गॅलंट आघाडीच्या चारही तुकड्यांना भरपूर खेळवतो. दुसऱ्या संघात जे बहुतेक वेळ बाकावर असते, त्यांना इथे विश्वासाने उतरवलं जातं. पाय ताजे राहतात आणि माणूसही.

१० ऑक्टोबरचा, त्यांच्या घरच्या मैदानावरचा पहिला सामना मी पूर्ण पाहिला. नऊ दिवसांपूर्वी त्याच शहरात गाण्याच्या कार्यक्रमात एकाने गोळ्या झाडून ५८ माणसं मारली होती. सामन्याआधी ५८ सेकंद शांतता, बर्फावर ५८ नावं. खेळाडूंसोबत डॉक्टर, पोलीस, अग्निशामक दलाचे लोक एकेक करून आत आले. डेरिक एंगलंड हा वेगासमध्येच घर केलेला, खालच्या लीगमध्येही तिथेच खेळून गेलेला बचावपटू चार शब्द बोलला आणि मग त्याने गोलही केला. ५-२ ने जिंकले. त्या दिवशी मैदानाभोवतीच्या फळ्यांवरच्या सगळ्या जाहिराती त्यांनी काढून टाकल्या होत्या. मला आमच्याकडची कबड्डीची मैदानं आठवली. चारी बाजूंनी कीटकनाशकांचे फ्लेक्स. यंदा आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन किती माणसं गेली ते तुम्हीच पहिल्या पानावर छापता आहात. पुढच्या स्पर्धेत फ्लेक्स कोणाचे लागतात ते पाहायचं आहे. असो, विषय भरकटला.

जाता जाता आणखी एक. वेगास डलासला पहिला सामना खेळलं त्याच ६ ऑक्टोबरला आपला विदर्भाचा संघ मोहालीत रणजीच्या पहिल्या सामन्याला उतरला आणि पंजाबला डावाने हरवून आला. फैज फजल कप्तान, चंद्रकांत पंडित प्रशिक्षक, मुंबईने मोठा केलेला वसीम जाफर आपल्याकडून खेळणारा. हे पुढे काय करतात याच्यावर तुम्ही डाक आवृत्तीतही लक्ष ठेवा. निकाल दुसऱ्या दिवशी छापला तरी चालेल, पण धावफलक पूर्ण द्या.

हे पत्र लिहायला घेतलं तेव्हा भाच्याचा निरोप आला, ओटावात ५-४ ने जिंकले. गोलात लगासेच. तेरापैकी नऊ झाले. मोसम ८२ सामन्यांचा आहे. पुढे हरतीलही, डिसेंबरात गडगडतीलही, मी काही पैज लावलेली नाही (पैज लावायचं शहर त्यांचं आहे). माझं म्हणणं एवढंच, की सोडून दिलेले खेळाडू जिंकले म्हणजे चमत्कार आणि हरले म्हणजे फुगा, असं लिहिलं की त्यांना खेळता येत होतं ही गोष्ट दोन्हीकडून गायब होते.

ही सवय तुमच्याच पानाला आहे असं नाही, पण आहे. आमचे पीटीचे सर बदलून गेल्यापासून मुलींचा कबड्डीचा संघ माझ्याकडे आहे. यादी बारा जणींची, मातीवर उतरतात सात. ऑगस्टमध्ये तालुक्याला आमची उजव्या कोपऱ्यातली मुलगी पहिल्याच सामन्यात पाय मुरगळून बसली. तिच्या जागी गेलेल्या राखीव मुलीने उपांत्य सामन्यात चढाईला आलेल्यांचे घोटे असे धरले, की पलीकडच्या बाई पंचांकडे धावल्या. आम्ही जिंकलो. दुसऱ्या दिवशी तुमच्या पेपरात बातमी आली, फोटोही आला. उत्कृष्ट पकडींसाठी नाव छापलं होतं ते पाय मुरगळून बसलेल्या मुलीचं, कारण वार्ताहराने सकाळी लिहून घेतलेल्या यादीत उजव्या कोपऱ्यापुढे तेच होतं. जिने पकडी केल्या तिच्या बापाने तो पेपर विकत आणून चहाच्या टपरीवर सगळ्यांना वाचायला दिला आणि मग शाळेत येऊन मला विचारलं, “बाई, आमची पोरगी खेयलीच नाही का?”

शालेय स्पर्धांच्या बातम्यांत बाराही नावं द्या आणि बदली खेळाडू कोणाच्या जागी उतरली तेही लिहा. जागा कमी पडते हे मला मान्य आहे. पाहुण्यांची, सत्कारमूर्तींची आणि आभार मानणाऱ्यांची नावं गाळली तर आरामात मावतील. ऑगस्टमधल्या त्या सामन्याची दुरुस्त यादी सोबत जोडली आहे.

आपली,
एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ
५ नोव्हेंबर २०१७
(पाकिटावर नाव-पत्ता आहे, तो छापू नये. यादीतली नावं छापावीत.)