एडरिचची आठवण काढा

संपादक महोदय,

प्रत्येक सामन्याला ‘महायुद्ध’ म्हणणाऱ्या वृत्तवाहिन्यांनी बिल एडरिचचे नाव ऐकले असेल का, अशी शंका येते. इंग्लंडमधल्या नॉरफोकच्या शेतकरी घरातला हा मिडलसेक्स कौंटीचा फलंदाज. 1937-38 मध्ये लॉर्ड टेनिसन यांच्या संघातून तो भारतातही खेळून गेला. सुरुवातीच्या कसोटींत सपशेल अपयशी ठरला, तरी निवड समितीने त्याला सोडले नाही. मार्च 1939 मध्ये डर्बनच्या कालमर्यादा नसलेल्या कसोटीत त्याने 219 धावा काढल्या. (तो सामना अनिर्णित राहिला, कारण इंग्लंडच्या संघाला जहाज गाठायचे होते!)

मग खरे युद्ध आले. रॉयल एअर फोर्समध्ये एडरिच ब्लेनहाइम बॉम्बफेकी विमाने चालवू लागला आणि स्क्वाड्रन लीडर झाला. ही विमाने भरदिवसा, अगदी खालून उडत हल्ले करीत; सकाळी सोबत न्याहारी केलेले सहकारी संध्याकाळी नसत. 12 ऑगस्ट 1941 रोजी कोलोनजवळच्या वीजकेंद्रांवर झालेल्या हल्ल्यातील कामगिरीबद्दल त्याला डीएफसी हे शौर्यपदक मिळाले.

1947 च्या मोसमात त्याने 3,539 धावा कुटल्या. पण त्याच मोसमात मिडलसेक्समधलाच त्याचा सहकारी डेनिस कॉम्प्टन याने 3,816 केल्यामुळे चर्चा कॉम्प्टनचीच होते. मला हा अन्याय वाटतो. कॉम्प्टन मोठा खेळाडू होताच. युद्धकाळात होळकर संघाकडून खेळताना त्याने रणजीच्या अंतिम सामन्यात मुंबईला नाबाद 249 धावांचा तडाखाही दिला होता. आपल्या क्रीडा पानावर एडरिचसारख्यांवर एखादी लेखमाला जरूर द्यावी.

– एक वाचक, ठाणे