पर्वतीकाकांची वही

पुणे, रविवार

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

पर्वतीकाकाच्या तेराव्याला जाऊन आलो. तू फोनवर विचारलंस तेव्हा "बरा आहे" म्हणालो. खरं सांगायला फोन पुरला नसता.

निघताना त्याच्या मुलानं एक शंभरपानी वही हातात ठेवली. कव्हरवर चहाच्या कपाचा गोल डाग. "पानोपानी तुमचं नाव आहे, काका. तुम्हीच ठेवा."

तुला तो कायम पायऱ्या चढतानाच दिसायचा, म्हणून तूच त्याचं नाव पर्वतीकाका ठेवलंस. तो एस. पी.चा, मी फर्ग्युसनचा. त्याला पर्वती जवळ, मला कॉलेजमागची हनुमान टेकडी. हा पर्वती सहा वेळा चढतो असं कुणीतरी येऊन सांगायचं, की मी दुसऱ्या दिवशी टेकडी सात वेळा. आज माझे गुडघे बोलतात ते त्या सातव्या वेळेमुळे, असं आईचं मत आहे.

आम्ही दोघंही आठशे मीटर धावायचो. ही विचित्र शर्यत. धड स्प्रिंट नाही, धड लांब पल्ला नाही. पहिलं वळण आपापल्या लेनमध्ये धावायचं, मग सगळे आतल्या रेषेकडे घुसतात आणि कोपरं सुरू होतात. सहाशेच्या पुढे पायांत शिसं ओतल्यासारखं वाटतं. तेव्हा आमचा ट्रॅक मातीचा, रेषा चुन्याच्या. पहिल्या तिघांत नसलास तर नाकातोंडात धूळ. पर्वतीकाकाला ही अडचण कधी आली नाही, कारण तो पहिल्यापासून पुढेच. त्याचा देव म्हणजे आपला आठशे मीटरवाला श्रीराम सिंग. 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकच्या फायनलमध्ये पहिल्या लॅपला सगळ्या जगाच्या पुढे होता तो. क्यूबाच्या हुआंतोरेनानं विश्वविक्रम करून सुवर्ण नेलं, श्रीराम सिंग सातवा आला, पण त्याचा 1:45.77 हा राष्ट्रीय विक्रम 42 वर्षं टिकला. 2018 च्या जूनमध्ये जिन्सन जॉन्सननं गुवाहाटीत तो बारा शतांशांनी मोडला, त्या रात्री पर्वतीकाकाचा फोन आला. "मोडलं रे," म्हणाला आणि बराच वेळ काही बोललाच नाही. घरातलं माणूस गेल्यासारखा.

मी त्याच्या उलट. खांद्याला चिकटून राहायचं आणि शेवटी किक मारायची, म्हणजे उरलासुरला जोर काढून सुसाट सुटायचं. तीन वर्षं ती किक त्याच्या पाठीपर्यंतच पोचली. 1981 च्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत मात्र शेवटच्या ऐंशी मीटरला मी बाहेरून गेलो आणि तो मागे राहिला. मी 1:57.4, तो 1:57.9. हातातल्या स्टॉपवॉचवरचे आकडे, पण माझे.

संध्याकाळी टिळक रोडवर चहाला भेटला तर अंगात स्वेटर. "दोन दिवस ताप होता रे." मी त्याला आल्याचा चहा सांगितला, पैसेही मीच दिले. त्यानंतर कुणी त्या शर्यतीचा विषय काढला की ताप मीच सांगायचो. तुझ्या शाळेच्या स्पोर्ट्‌स डेला तू मैत्रिणींना "माझ्या बाबांनी काकांना हरवलंय" म्हणालीस, तेव्हाही मी मधे तोंड घातलं होतं. तू चिडली होतीस, आठवतं?

तर ती वही. त्या दिवसाचं पान सापडलं. हा माणूस साधी सर्दीसुद्धा नोंदवायचा, आणि तिथं लिहिलंय: "झोप उत्तम. वजन 58. अंग हलकं. 1:57.9, दुसरा. हा बाहेरून आला, उत्तर देता आलं नाही." खाली वेगळ्या शाईत, "संध्याकाळी ताप सांगितला."

मनू, मी एवढ्या मोठ्यांदा हसलो की आई स्वयंपाकघरातून धावत आली. मग माझं तोंड बघून तिनं काही विचारलं नाही, पाणी आणून दिलं. चाळीसहून जास्त वर्षं त्याचा ताप मी सांभाळला. आता भांडायला जाऊ कुणाकडे? दोनदा फोन हातात घेतला, तेवढ्यात आठवलं.

त्याचा राग आलाय. आणि 1:57.4 पहिल्यांदाच पूर्ण माझे वाटतायत, तेही खरं आहे.

दिवाळीला येशील तेव्हा वही दाखवतो. शेवटच्या पानावर 2019 मध्ये आम्ही दोघं पर्वती चढलो त्याचे टाइम आहेत. त्यानं स्वतःला माझ्याआधी वीस सेकंद वर पोचवलंय. साफ खोटं. वरच्या पायरीवर आम्ही बरोबर होतो, आणि त्याला धाप जास्त लागली होती.

तुझा,
बाबा