पलीकडच्या काठाला शिमग्यापर्यंत हात नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पक्षी सप्ताहानिमित्त तालुक्यात तलावांची स्वच्छता होणार, ही बातमी आपल्या अंकात वाचली. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर डॉ. सालिम अलींचा, म्हणून २०२० पासून राज्यात हा सप्ताह साजरा होतो. चांगलंच आहे. पण पक्ष्यांच्या नावाने तळं साफ करायला नेमका हाच आठवडा का, एवढंच मला विचारायचं आहे.

मी वायंगणी शेती, म्हणजे पावसाळ्यानंतर साठवलेल्या पाण्यावर भाताचं दुसरं पीक, करणारा माणूस. माझे कुणगे, म्हणजे भाताची खाचरं, तळ्याच्या बांधाखाली आहेत, त्यामुळे पाणी कधी किती उतरतं याकडे माझं लक्ष असतंच. पावसात तळं काठोकाठ असतं. भातकापणी आटोपली, वायंगणासाठी पाणी सोडायला लागलो की पाणी हळूहळू मागे सरतं आणि कडेला ओल्या चिखलाचा पट्टा उघडा पडतो. त्यात गांडुळं, शंखुले, किडे. वर पाणगवत आणि कमळाची पानं. उत्तरेकडून आलेल्या पाखरांचं जेवणाचं ताट ते हेच.

ही पाखरं येतात तीही आपल्याच सणांच्या बेताने. तुतवार तर श्रावणातच हजर होतो, शेपटीकडचा भाग सारखा वरखाली हलवत काठाने फिरतो. गणपतीच्या सुमारास करडा धोबी दिसतो. बदकं दिवाळीनंतर येतात आणि तळ्याच्या मधोमध बसतात. ती लांबूनही दिसतात, म्हणून पेपरात फोटो त्यांचेच. काठाच्या गवतातली पाखरं कोणाला दिसत नाहीत आणि स्वच्छता होते ती काठाचीच.

दोन वर्षांमागे ऑक्टोबरात माझ्या पुतणीने घाटाच्या पलीकडच्या काठाला एक पाखरू दाखवलं. ‘बेलन्स क्रेक’, म्हणजे फटाकडीच्या (पाणकोंबडीच्या कुळातल्या, गवतात लपणाऱ्या पाखराच्या) जातीतलं, चिमणीपेक्षा जरा मोठं. पाठ तपकिरी, तिच्यावर पांढरे फराटे. पोट राखी निळसर. कुशीला काळे-पांढरे पट्टे. चोच आणि पाय हिरवट. तरंगत्या पानांवरून बुडता बुडता चालायचं, शेपूट उडवायचं, की गेलं गवतात. हे काश्मीर, मध्य आशिया, सायबेरिया अशा भागांत वीण करतं आणि थंडीत दक्षिणेकडे उतरतं. उडताना पाहाल तर वाटेल, हे पुढच्या वाडीपर्यंत तरी पोचेल का! आणि रात्रीच्या अंधारात इतका मुलूख तुडवून येतं. पुतणीने फोटोसकट ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर, नोंद केली. अशी पाखरं आपल्याकडे खरोखरच कमी असतात की गवतात शिरून बघणारे कमी, हे सांगणं कठीण. पण पाणगवत आणि चिखल सोडून ते दुसरीकडे बसणार नाही, एवढं नक्की.

(तळ्याचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. नोंदीनंतर गाड्या आल्या. काही जण मोबाईलवर पाखराचा आवाज लावून त्याला बाहेर काढायला बघत होते. त्या बिचाऱ्याने खायचं कधी?)

गेल्या वर्षी पक्षी सप्ताहात स्वच्छता झाली. बॅनर लागला, मुलांना टोप्या वाटल्या. मग ग्रासकटर फिरले आणि पलीकडचा सगळा काठ भादरला गेला. जेसीबीने चिखल खरवडून बांधावर टाकला. फोटो झकास आले. त्या हंगामात ती फटाकडी काही परत दिसली नाही, तुतवारही मोरीपाशी एखाददुसराच. करणारी मंडळी गावचीच, हेतूही वाईट नव्हता. मी त्यातल्या एकाला बोललो तर तो म्हणाला, “पाखरां काय, खंयव बसतली.” खंय बसतली? तळ्याला दुसरा काठ आहे कुठे?

गवताने डास होतात, साप येतात असं लोक म्हणतात. ते खोटं नाही. म्हणून घाटाची बाजू, देवळाच्या पायऱ्या, बायका कपडे धुतात ती जागा जरूर मोकळी ठेवा. प्लास्टिक आणि गणपतीचं निर्माल्य तर त्याच दिवशी बाहेर काढा, त्याला मुहूर्त कसला? पलीकडचा काठ तेवढा सोडा. गाळ आणि माजलेली जलपर्णी काढायला शिमग्यानंतरचे दिवस आहेत. तेव्हा पाहुणे परतीला लागलेले असतात, पाणी तळाला गेलेलं असतं आणि गाळ शेतात पसरायला सोयीचा होतो. पाऊस पडला की गवत पुन्हा उगवतं, आणि कमळपक्षी, पाणकोंबड्या पावसाळ्यातच घरटी करतात, त्यांनाही ते मिळतं.

आपल्या कोकणात तळी बांधली ती शेतीसाठी. आमच्या तालुक्यातलंच धामापूरचं तळं १५३० सालचं. २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. गाळ कधी काढायचा हे या तळ्यांवर पिकवणाऱ्यांना कोणी शिकवायला लागलं नव्हतं. उन्हाळ्यातच काढतात.

तेव्हा सप्ताहाच्या कार्यक्रमांच्या बातम्या छापाल त्यासोबत एवढी विनंतीही छापावी: गणपती ते शिमगा पलीकडच्या काठाला कोणी हात लावू नये. मुलांना दुर्बीण देऊन घाटावरून पाखरं दाखवावीत, सप्ताह त्यातच छान साजरा होईल. ग्रासकटर माझ्याकडे आहे. शिमगा झाला की पेट्रोल भरून देतो, भाडं नको.

आपला,
एक वायंगणी शेतकरी
ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग