फार्मसी शिकणाऱ्या घरात औषधाचा डबा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंदूरच्या मराठी घरांतली बरीच मुले-मुली हल्ली बी.फार्म., डी.फार्म.ला जातात. मूल पहिल्या वर्षाला गेले की शेजारच्या काकूही विचारू लागतात, "अरे, घसा धरलाय, काय घेऊ?" आणि मूल बिनदिक्कत गोळीचे नाव सांगते. या मुलांना मी अनेक वर्षे शिकवले, म्हणून हे लिहावेसे वाटले.

तापाला पॅरासिटामॉल, जुलाबाला ओआरएस स्वतःहून घ्यायला हरकत नाही. पण प्रौढाने २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर पॅरासिटामॉल घ्यायचे नसते आणि सर्दीच्या अनेक मिश्र गोळ्यांत ते असतेच. दोन्ही एकदम चालू असल्या तर बेरीज कोणी करत नाही, ती यकृताला भोवते. पावसाळ्यानंतरचा ताप डेंग्यूचा निघाला तर आयबुप्रोफेन, ॲस्पिरिनने रक्तस्रावाचा धोका वाढतो. फार्माकॉलॉजीच्या पेपरात मुले हे अचूक लिहितात, आणि हॉस्टेलवर अंग दुखले की तीच स्ट्रिप खोल्याखोल्यांतून फिरते. मला याचे फार वाईट वाटते.

अँटिबायोटिकचे तर विचारूच नका. घसादुखी बहुधा विषाणूची असते, तिथे ॲझिथ्रोमायसिन काहीच करत नाही. तरी तीन गोळ्या घेतल्या जातात, कधी दोनच घेऊन एक 'पुढच्या वेळेला' ठेवली जाते. सेफिक्सिम हे अँटिबायोटिक तर अनुसूची एच-१ मधले, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या कडक यादीतले. १ मार्च २०१४ पासून अशा औषधांची विक्री दुकानदाराला वेगळ्या नोंदवहीत डॉक्टर आणि रुग्णाच्या नावासह लिहावी लागते, ती वही तीन वर्षे जपावी लागते. उद्या दवाबाजारात नाहीतर राजवाड्याजवळच्या एखाद्या मेडिकलवर ही वही याच मुलांच्या हाती येणार. स्वतःच चिठ्ठीशिवाय औषध घ्यायची सवय जडलेला फार्मासिस्ट गिऱ्हाइकाला "चिठ्ठी आणा" कोणत्या तोंडाने म्हणेल?

"स्वतःहून काही घेऊच नका" हा उपदेश मात्र मला पटत नाही. त्यापेक्षा महाविद्यालयांनी पहिल्याच वर्षी एक प्रात्यक्षिक ठेवावे. प्रत्येकाने घरातल्या औषधांच्या डब्याची यादी आणायची. चिठ्ठीशिवाय घेऊ नये हे सांगणारी लाल उभी रेघ कशावर आहे, मुदत कशाची संपली, एकच घटक किती नावांनी पडून आहे, ते वर्गात तपासायचे. कुठे थांबून डॉक्टरकडे जायचे तेही तिथेच ठरवावे: तीन दिवसांवर टिकलेला ताप, धाप, अंगावर लाल ठिपके. गरोदर बाईला तर आपल्या मनाने काहीच सुचवायचे नाही.

आणखी एक. स्वतः घेतलेल्या गोळीने अंगावर पुरळ उठले की कोणी रागावेल या भीतीने मुले गप्प बसतात. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू आहे, त्यात सामान्य माणूसही १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर तक्रार नोंदवू शकतो. हा क्रमांक आपण अंकात ठळक छापावा, एवढी विनंती.

आपली,
एक निवृत्त अध्यापिका, इंदूर