ऑटिझमच्या व्यासपीठावर ऑटिस्टिक माणूस का नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात तिसऱ्या पानावर ऑटिझम कार्यशाळेची चार कॉलमी बातमी वाचली. समई, पुष्पगुच्छ, मान्यवरांची रांग. डॉक्टरांचं मत आहे, प्रमुख पाहुण्यांचं आहे, आयोजकांचं आहे. 'समाजाने या मुलांना स्वीकारावे' असं आवाहनही आहे. ज्यांना स्वीकारायचं त्यांच्यापैकी एकाचंही एक वाक्य बातमीत नाही. फोटोत मात्र आहेत, पहिल्या रांगेत, सारख्या टोप्या घालून बसवलेले.

मी ऑटिस्टिक आहे, म्हणजे माझ्या मेंदूची जग समजून घेण्याची आणि लोकांशी संवाद साधण्याची पद्धत जन्मापासून वेगळी आहे. वय 29. उद्यमनगरातल्या एका कारखान्यात कास्टिंगची ड्रॉइंग तपासतो. मापातली चूक मला आधी दिसते, बाकीचं ड्रॉइंग नंतर. त्या कामाचा मला पगार मिळतो. हे सांगायचं कारण पुढे येईल.

गेल्या वर्षी अशाच एका कार्यक्रमाला मी आईबरोबर गेलो होतो. आयोजकांना आधी पत्र पाठवून पाच मिनिटं मागितली होती आणि त्यांनी होकारही कळवला होता. काय बोलायचं ते लिहून, पाठ करून नेलं होतं. दारातच एका कार्यकर्त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुम्हाला ऑटिझम? वाटत नाही ओ बघून!" पुढे वेळ कमी पडतोय म्हणून माझं नाव वगळलं आणि माइक आईच्या हातात दिला. "मावशी, तुम्हीच सांगा दोन शब्द पोराबद्दल. चिडतोय काय? स्वतःच्या हातानं जेवतोय काय?"

मी तिच्या शेजारी उभा होतो.

आईने माइक माझ्यापुढे धरला. म्हणाली, "त्यालाच विचारा की." लोक हसले, कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि मी तोंड उघडायच्या आत माइक परत गेला. त्यानंतर एक वक्ते ऑटिस्टिक मुलांच्या संवादातल्या अडचणींवर बराच वेळ बोलले. वेळ नाही असं मला सांगितलं होतं. घरी येईपर्यंत आई रिक्षात एक शब्द बोलली नाही. तिचा अपमान माझ्यापेक्षा मोठा झाला होता, कारण माझ्या लहानपणापासून 'त्यालाच विचारा' हे ती शाळेत, दवाखान्यात, लग्नकार्यात सांगत आली आहे.

मला विचारलं असतं तर मी उत्तर दिलं असतं. जेवतो, वांगं सोडून. शिजलेल्या वांग्याचा बुळबुळीतपणा जिभेला लागला की त्यानंतर बराच वेळ दुसरं काही सुचत नाही. त्याला नखरे म्हणत नाहीत. समोर बसलेल्या आयांपैकी एखादीच्या घरी त्या रात्री ताटावरून होणारी मारहाण या उत्तराने टळली असती. त्या पाच मिनिटांची किंमत एवढी होती.

आम्ही काही जण रविवारी सकाळी राजारामपुरीत एका मित्राच्या गच्चीवर जमतो. ऑटिस्टिक आहेत, डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातली अडचण) असलेले आहेत, एक एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि स्वस्थ बसणं अवघड जाणं) असलेला आहे. बोलायलाच पाहिजे अशी सक्ती नाही. कठड्याकडे तोंड करून बसलं तरी चालतं. प्रत्येकाच्या खिशाला रंगीत चिमटा असतो. लाल म्हणजे माझ्याशी कुणी बोलू नका, पिवळा म्हणजे ओळखीच्यांनीच बोला, हिरवा म्हणजे मला बोलायचंय पण सुरुवात जमत नाही, तुम्ही करा. ही कल्पना आमची नाही. 1992 साली अमेरिकेत जिम सिंक्लेअर आणि त्यांच्यासारख्या ऑटिस्टिक मंडळींनी पालकांच्या आणि तज्ज्ञांच्या संस्थांपासून वेगळं, स्वतःचं संघटन उभं केलं. 1996 पासून त्यांची स्वतःची शिबिरं सुरू झाली. रंगांच्या खुणा त्या शिबिरांतून जगभर गेल्या, आमच्या गच्चीपर्यंतही आल्या.

आमच्याकडे कधी कधी पालकही येतात. एका ताईंची सात वर्षांची मुलगी कुकर लावला की किंचाळत घरभर पळायची. हट्टी आहे, दोन फटके द्या, असं घरचे म्हणत होते. आमच्यातल्या एकाने त्यांना विचारलं, शिट्टी झाल्यावर ओरडते की आधी? ताई म्हणाल्या, आधी. मग तो म्हणाला, शिट्टी होणार हे तिला ठाऊक आहे, कधी होणार हे ठाऊक नाही, त्या वाट बघण्यानेच तिचा जीव जातो. कुकर लावायच्या आधी तिला सांगा, मागच्या खोलीत जाऊ द्या, दार लावून घ्या. पुढच्या महिन्यात ताई आल्या तेव्हा मुलगी स्वतःच 'कुकर' म्हणून आत जाते असं त्यांनी सांगितलं. आमच्या त्या मित्राकडे कुठलीच पदवी नाही. लहानपणी तोही असाच पळत होता.

दिव्यांग प्रमाणपत्राच्या तपासणीला कुणी निघालं की आमच्यातला एक जण सोबत जातो. ऑटिझमची तीव्रता ज्या भारतीय मोजपट्टीवर ठरते तिच्यात 40 बाबी आहेत, प्रत्येकीला 1 ते 5 गुण. आत काय होणार, कोण काय विचारणार, किती वेळ बाकावर बसावं लागेल हे आधी कळलं की माणूस मोडून पडत नाही. एडीएचडी असलेल्या मित्राला मात्र तेही दार बंद आहे, कारण 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत एडीएचडीचं नाव नाही. ऑटिझमचं तरी कुठे होतं? 1995 च्या कायद्यात नव्हतंच.

'तुम्हाला बोलता येतं, ज्यांना येत नाही त्यांचं काय' असं आम्हाला नेहमी ऐकवलं जातं. आमच्यातला एक जण बोलत नाही. तो मोबाइलवर टाइप करतो, सावकाश, आणि आम्ही थांबतो. त्याला व्यासपीठावर बोलवा आणि तुम्हीही थांबा. डॉक्टरांशी किंवा पालकांशी आमचं भांडण नाही. दिवसरात्र राबणाऱ्या आया मी जवळून बघितल्या आहेत, त्यातली एक माझ्याच घरात आहे. पण ऑटिझम आणि तशाच काही दिव्यांगत्वांसाठी असलेल्या 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानेसुद्धा स्थानिक समितीत जिल्हाधिकारी दर्जाच्या अधिकाऱ्याबरोबर आणि संस्थेच्या प्रतिनिधीबरोबर एका दिव्यांग व्यक्तीला जागा दिली आहे. कायद्याला हे सुचलं, मग आमच्या नावाने भरणाऱ्या कार्यशाळांना का सुचत नाही? आणि बातमीदाराने व्यासपीठावरून खाली उतरून पहिल्या रांगेतल्या एखाद्याला 'तुला काय वाटतं' असं का विचारलं नाही?

जाता जाता आणखी एक. गणपतीच्या दिवसांत आपल्या पहिल्या पानावर साउंड सिस्टीमच्या भिंतींचे आणि लेसरचे फोटो 'उत्साहाला उधाण' म्हणून येतात. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा 2000 सालच्या नियमांत आहे. त्या दिवसांत आमच्यातले दोघे गाव सोडून नातेवाइकांकडे जातात. बाकीचे कानांवर उशा दाबून घरात बसतात. छातीत दणका बसतो तो उशीने थांबत नाही. गणपती आमचाही आहे. मला ढोल-ताशा लांबून ऐकायला आवडतो. स्वीकाराचं आवाहन तिसऱ्या पानावर आणि त्या भिंतींचं कौतुक पहिल्या पानावर, हे मला पटत नाही. आपण ते थांबवावं अशी माझी मागणी आहे.

आपल्या प्रतिनिधींनी एखाद्या रविवारी आमच्याकडे जरूर यावं. किती वाजता येणार ते आधी कळवावं आणि त्याच वेळेला यावं. प्रश्न लिहून पाठवले तर उत्तरं नीट मिळतील. फोटो ज्याचा त्याला विचारूनच काढावा, फ्लॅश नको. सोबत कुणाची आई आली असेल तर तिच्याबद्दलचे प्रश्न तिला विचारावेत आणि आमच्याबद्दलचे आम्हाला. माझा पत्ता आणि फोन वेगळ्या चिठ्ठीवर दिला आहे, तो छापू नये. पत्र लांबलं आहे हे मला दिसतंय. काटछाट करायची झाली तर कृपया मला फोन करून करावी.

आपला,
एक वाचक, उद्यमनगर, कोल्हापूर